हाकबोंगच्या वाटेवरची दहा मिनिटं

मी, नामे योम ग्येसुक, वय ६४ वर्षे, धंदा घरगुती लॉज चालवणे व पाहुण्यांना डोंगरावर नेणे, राहणार नोरुमोक, हाकबोंग डोंगराचा पायथा, प्रांत कांगवोन. समक्ष पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर गेली बावीस वर्षं राहते. मला आज कोणी बोलावलेलं नाही. काल याच टेबलावर प्यो मानबोक यांनी जो जबाब दिला तो खोटा आहे, हे सांगायला मी आले आहे.

प्यो मानबोक, वय ७३, यांना मी ओळखते. पाठीला लाकडी चौकट बांधून ते डोंगरावरच्या विहारात तांदूळ, गॅसची टाकी, कोळसा असं सामान पोचवतात. विहारात दोन भिक्षुणी राहतात आणि तिथवर गाडी जात नाही. हे काम ते एक्केचाळीस वर्षं करत आहेत. त्यासाठी त्यांच्याकडे उद्यान कार्यालयाचा परवाना आहे. परदेशी पर्यटक बाईला चुकीचं अंतर सांगून धोक्यात घातलं अशी तक्रार त्यांच्याच जबाबावरून आता त्यांच्यावर आहे, आणि ती खरी ठरली तर परवाना जाईल, असं मला समजलं आहे. त्यांच्यानंतर हे काम करणारं कोणी नाही.

सदर पर्यटक बाईंचं नाव बिरगिट, वय ५२, धंदा शिक्षिका, देश डेन्मार्क. त्या माझ्याच लॉजवर उतरल्या होत्या. टीव्हीवर आमच्या देशातल्या मालिका बघून त्यांना आमच्या देशाचं वेड लागलं आणि चार वर्षं आमची भाषा शिकून त्या आल्या. त्यांच्या देशात डोंगर नाहीत, टेकाडालाच डोंगर म्हणतात, असं त्या स्वतः म्हणाल्या. वस्तू देताना दोन्ही हातांनी देतात. मी चमचा उचलल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीत. वाटेत अनोळखी माणसांना वाटायला त्यांनी सहा काकड्या धुऊन पिशवीत घेतल्या होत्या. माझ्या सुनेला हे बारा वर्षांत जमलेलं नाही. सुनेचा या प्रकरणाशी संबंध नाही, असं फौजदार मोक साहेबांनी नमूद करायला सांगितलं, म्हणून नमूद करते.

दिनांक ८ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता मी सहा पाहुण्यांना घेऊन डोंगर चढायला निघाले. वणव्याच्या भीतीने पुढच्या आठवड्यात वाट बंद होणार होती, त्यामुळे गर्दी होती. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी आम्ही गरुडखडकाशी पोचलो. तिथे एका पाहुण्याचा गुडघा धरला. मी सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. बिरगिटबाईंना मात्र विहार बघायचाच होता. तिथल्या भिक्षुणी आल्यागेल्याला मुळ्याच्या पाल्याचं सूप वाढतात, ते त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. विहार किती लांब आहे, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "आलाच की. दहा मिनिटं."

गरुडखडकापासून विहार सव्वादोन तासांवर आहे. मला हे माहीत होतं.

साहेबांना ठाऊक आहे, पण कागद वरच्या कचेरीत जाणार म्हणून सांगते. आमच्या डोंगरावर उतरणारा चढणाऱ्याला खरं अंतर सांगत नाही. कोणीही विचारलं की दहा मिनिटं. खरं सांगितलं तर माणूस तिथेच बसकण मारतो, दहा मिनिटं म्हटलं की उठतो. विचारणाऱ्यालाही ते खोटं आहे हे माहीत असतं. तो हसतो, शिवी देतो आणि चालू लागतो. माझ्या आईने मला असंच वर नेलं होतं. मोक साहेबांनीही गेल्या वसंतात याच वाटेवर एका जोडप्याला दहा मिनिटं सांगितली, तेव्हा मी मागेच होते. हे लिहायला नको, असं ते म्हणाले. मी लिहा म्हटलं, आणि त्यांनी लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा आहे.

पण बिरगिटबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी आमच्या सगळ्या रीती शिकून घेतल्या होत्या, ही तेवढी राहिली होती. त्यांच्या देशात दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटंच. त्यांनी घड्याळात बघितलं, मला वाकून नमस्कार केला आणि एकट्या पुढे गेल्या. मी थांबवलं नाही. पाच जणांना घेऊन उतरायचं होतं, पाचला भात लावायचा होता, आणि वाद घालायचा मला कंटाळा आला होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी माझ्या डोक्यातही काही नव्हतं.

पुढचा मजकूर बिरगिटबाईंनी मला रुग्णालयात सांगितला तसा देते. दहा मिनिटांनी विहार आला नाही, तेव्हा त्यांनी उतरणाऱ्यांना विचारलं. एका गिर्यारोहण मंडळाच्या बायका भेटल्या. त्यांनी काकडी घेतली, बदल्यात सुकवलेली फळं दिली आणि दहा मिनिटं म्हणाल्या. पुढे एक बापलेक भेटले, तेही तेच म्हणाले. साधारण साडेतीन वाजता रिकामी चौकट घेऊन प्यो मानबोक खाली येत होते. बाईंनी त्यांनाही दोन्ही हातांनी काकडी दिली आणि विचारलं.

प्यो म्हणाले, "तुमच्या चालीने दीड तास. पाच-वीसला अंधार पडतो. दिवा आहे का? नाही ना? मग परत फिरा."

या माणसाने एक्केचाळीस वर्षांत कोणाला दहा मिनिटं म्हटलेलं नाही, याची नोरुमोकमधलं शेंबडं पोरही साक्ष देईल. त्यांच्या या सवयीमुळे मंडळवाले त्यांना घड्याळजी म्हणून चिडवतात आणि ते समोरून आले की तोंड चुकवतात. मीसुद्धा माझ्या पाहुण्यांना सांगत आले आहे की त्या म्हाताऱ्याला काही विचारू नका, तो चालणाऱ्याचे पाय मोडतो. त्या दिवशी डोंगरावर खरं बोलणारा तो एकटाच होता. बाईंना वाटलं, इतकी माणसं दहा मिनिटं म्हणतात, म्हणजे हे आजोबाच चेष्टा करत असावेत. त्या हसून पुढे गेल्या.

प्यो खाली निघाले. वाटेवरच्या झऱ्यापर्यंत आले आणि माघारी वळले. सकाळपासून ते दोनदा वर जाऊन आले होते. हे मला विहारातल्या भिक्षुणींकडून कळलं, ते स्वतः बोलले नाहीत.

लोखंडी जिन्याच्या खाली ओल्या पानांवरून घसरून बाईंचा उजवा घोटा मोडला. वेळ अंदाजे सव्वाचार. त्यांच्या फोनला तिथे रेंज नव्हती. प्यो फोन बाळगत नाहीत. पावणेपाचला ते तिथे पोचले. आपला कोट काढून त्यांनी बाईंना घातला, घोटा फांदीला बांधला आणि त्यांना चौकटीवर बसवून खाली निघाले. बिरगिटबाई माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. चौकटीवर माणूस नेण्यास मनाई आहे, हे प्यो यांना माहीत होतं. ते त्यांनी कालच्या जबाबात कबूल केलं आहे, तेवढं खरं आहे.

मी साडेपाचला जेवणाची पानं मांडली. सहावं पान रिकामं राहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. बचाव पथकाला फोन केला आणि त्यांची वाट न बघता दिवा घेऊन वर गेले. सहा वाजून पन्नास मिनिटांनी लाकडी पुलाशी पोचले, तर वरून आवाज येत होते.

बिरगिटबाई विचारत होत्या, "आजोबा, आता किती?"

"पाऊण तास."

"एकदा तरी दहा मिनिटं म्हणा ना."

"म्हटल्याने वाट आखूड होत नाही. दोरी घट्ट धरा. दुखतंय तर रडा, रडायला कोणी बंदी केलेली नाही."

त्यावर बाई रडता रडता हसल्या. मी पुलावर उभी होते. मला पुढे व्हायची लाज वाटली, म्हणून क्षणभर तिथेच थांबले. नंतर पुढे होऊन दिवा धरला. प्यो यांनी मला बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आलीस? पायाखाली उजेड धर, माझ्या तोंडावर नको." आम्ही ७ वाजून ३५ मिनिटांनी खाली बचाव पथकाच्या गाडीपाशी पोचलो. मी घड्याळ बघितलं होतं. बरोबर पाऊण तास झाला होता.

वाटेत बाईंनी विचारलं की तुम्ही परत का वळलात. प्यो म्हणाले की काकडी चांगली होती. मी या माणसाशी बावीस वर्षं दोन धड शब्द बोलले नाही, आणि त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. साहेब म्हणाले, याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तरी लिहावं, असं माझं म्हणणं.

काल प्यो यांनी या टेबलावर सांगितलं की, 'त्या बाईला दहा मिनिटं मीच सांगितली.' ते ऐकून मी त्यांना ठाण्याच्या फाटकात गाठलं आणि असं का केलंत, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पाहुणी तुझी. तू सांगितलंस म्हणजे तुझं लॉज बंद. माझा परवाना गेला तर गुडघे आशीर्वाद देतील." मी विचारलं, वरच्या दोघींना तांदूळ कोण नेणार.  त्यावर त्यांनी चौकट उचलली आणि ते निघून गेले.

तरी माझं म्हणणं असं की, बिरगिटबाईंना चुकीचं अंतर प्यो मानबोक यांनी सांगितलेलं नाही. मी त्यांना अंतर खोटं सांगितलं. त्या माझ्या पाहुण्या होत्या, त्यांची जबाबदारी माझी होती. हा जबाब दिल्याने माझ्या लॉजची नोंदणी रद्द होऊ शकते, हे मला मोक साहेबांनी दोनदा समजावून सांगितलं. मला ते पहिल्या वेळीच समजलं होतं.

हा जबाब मोक साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यांनी कच्च्या कागदावर 'प्रथेप्रमाणे अंदाजे अंतर सांगितले' असं लिहिलं होतं. ते माझ्या भल्यासाठी होतं. मी ते खोडायला लावून तिथे 'खोटं सांगितलं' असं लिहायला सांगितलं आहे. तेवढा बदल झाल्यावर पुन्हा वाचून घेतला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का उमटवत आहे.