कॅलेंडरमागचा बोर्ड

नाही ताई, उशीर झाला हे कबूल, पण आळसाने नाही झाला — बसा ना तुम्ही, पलंगावर बसा, नुसती हुकं राहिलीत, बोलता बोलता लावते. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, नाजमीनभाभी आता मोठ्या टेलर झाल्या, लोकांना फेऱ्या मारायला लावतात. लागलं मला ते. पण मी काय सांगणार होते? भिंतीतल्या सॉकेटात पिन राहत नाही म्हणून ब्लाउज झाला नाही, असं? हसले असते लोक. बघा, तुम्हीपण हसलात.

हे पांढरे बोर्ड दिसतात ना, हे आत्ता बसवलेत. आधीचे बघायला हवे होते तुम्ही! काळे, कोण जाणे कोणत्या काळातले, आतल्या पितळी पत्त्या पार ढिल्या. पिन घातली की लोंबायची. काडेपेटीच्या काड्या घाल, पुठ्ठा दुमडून घाल, वायरला खालून उशी लाव — सगळं केलं मी. बाहीची गोलाई घालतेय, मशीनची मोटर छान चाललीय, अन् मध्येच गप्प. उठा, पिन दाबा, या, पाय टाका, पुन्हा गप्प. एकदा तर चर्र वाजलं, हात असा कोपरापर्यंत झिणझिणला की कात्रीच पडली हातातून. सुती कापड असलं तर उसवता येतं हो, पण तुमचं हे रेशमी — उसवलं की भोकं दिसतात. मग मी हातानेच चाक फिरवत बसायची. हाताने किती होणार? सांगा तुम्हीच.

यांना सांगितलं नाही का? रोज सांगितलं! हे म्हणायचे, "बघतो." बघायचे काय — भिंत? मी म्हटलं, मीच आणते वायरमन, चौकातच तर बसतो तो. तर म्हणे, दुसऱ्याच्या भिंतीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बरं, मग विचारा. तर विचारायचंही नाही! "हितेंद्रला वाटेल, घर दिलं अन् आता हे त्यात खोट काढतात." हितेंद्रभाऊ म्हणजे आमचे घरमालक. हे दोघं एमआयडीसीत एकाच पाइपच्या कंपनीत होते, एकाच मशीनवर. मग भाऊंना धुळ्याला चांगली नोकरी लागली, ते बायको-मुलांना घेऊन तिकडे गेले आणि पिंप्राळ्यातलं हे घर आम्हाला दिलं. चांगला माणूस. वाईट असता तर मी केव्हाच भांडले असते, चांगल्या माणसाशी भांडायचं कसं?

मग मे महिना आला. या उन्हात कूलर लावल्याशिवाय जगता येतं का? कूलर लावला, अन् तो दाराजवळचा बोर्ड हळूहळू जळायला लागला. आधी पिवळा, मग तपकिरी, मग प्लास्टिक वितळून खाली ओघळलं. घरभर वास. आणि नेमकं तेव्हाच भिकुबाईंचा निरोप आला — हितेंद्रभाऊंच्या आई, शिंदखेड्याला राहतात, आम्ही अक्का म्हणतो. डोळे दाखवायला इथे जळगावला येणार, दुपारी आमच्याकडे आराम करणार. मला आनंद झाला. म्हटलं, चला, आता न सांगता दिसेल. तर आमच्या यांनी काय केलं असेल? किराणा दुकानाचं कॅलेंडर आणलं आणि त्या जळक्या बोर्डावर टांगलं! वर मला बजावलं, "अक्कांसमोर बोर्डाचा विषय काढायचा नाही." मी म्हटलं, चोरी केलीय का आपण? भाडं देऊन राहतो! हे खिळा ठोकत राहिले.

अक्का आल्या. डोळ्यात औषध घातलेलं, उन्हाने जीव घाबरलेला. पाणी दिलं, तर म्हणतात, "पोरी, पंखा लाव वं जरा." कूलर तर बोर्ड जळाल्यापासून बंदच, छतावरचा पंखा गरम हवा फेकत होता, म्हणून टेबलफॅन आणला. दुसरीकडे कुठेच पिन राहत नव्हती, मग काय करू? कॅलेंडर बाजूला सारून त्या जळक्यातच घातली. हात काढला, कॅलेंडर परत त्यावर पडलं, अन् आतून फट्ट! कागदानेच पेट घेतला हो ताई. अक्का पलंगावर, आणि ज्वाळा त्यांच्या पदरापासून इतक्याशा लांब. मी मेन बटण पाडलं, चादरीने झोडपून विझवलं. अक्कांनी डोळे किलकिले करून भिंत पाहिली. "हाई काय शे? बठ्ठं जळी जायेल शे! हितेंद्रले का बरं नही सांगं?" मला रडूच आलं.

अक्कांनी तिथूनच लेकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी हितेंद्रभाऊ धुळ्याहून हजर, सोबत वायरमन. हे घरीच होते. भाऊ भिंतीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सरदार, हे काय रे?" आणि आमचे हे काय म्हणाले माहितेय? म्हणाले, "हिच्या शिलाई मशीनचा लोड आला रे. आता बंदच करायला लावतो मशीन." माझ्या तोंडावर, ताई! हात माझा झिणझिणला, कामं माझी अडली, बोलणी मी खाल्ली, अन् दोषही माझा? मी ओढणी सारखी करत आतून आले आणि म्हटलं, "खोटं आहे भाऊ. आम्ही राहायला आलो तेव्हापासून बोर्ड असेच आहेत. हे तुम्हाला सांगू देत नव्हते." वायरमन खाली बघायला लागला. हितेंद्रभाऊ यांना म्हणाले, "अरे, एक फोन करायचा. मी काय घराबाहेर काढलं असतं तुला?"

आणि हे चहाचा कप हातातच फिरवत राहिले. नाही म्हणाले नाहीत, ताई. हसून टाळलंही नाही. तेव्हा मला कळलं — यांना खरंच तसं वाटत होतं. सॉकेट बदल म्हटलं, तर घर जाईल असं. भाऊंनाही कळलं ते. त्यांचा चेहराच उतरला. चहा अर्धा टाकून वायरमनजवळ जाऊन उभे राहिले.

बोर्ड बदलले सगळे, पण हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. चारचौघांत खोटं पाडलं म्हणे. पाडलं! पुन्हा पाडेन! पण राग राग करूनही मला — तुम्हाला म्हणून सांगते. आम्ही पारोळ्याहून इथे आलो, तेव्हा घर शोधायला हे एकटेच जायचे. येऊन सांगायचे, तिथे अंधार आहे, तिथे रस्ता लांब पडतो. मला वाटायचं, यांनाच काही पसंत पडत नाही. एकदा मला रिक्षाजवळ थांबवून हे वर गेले. आमची रुखसार लहान होती, तहान तहान करत होती, म्हणून तिला कडेवर घेऊन मी जिना चढले. वर घरमालकीण बाई यांना म्हणत होत्या, किल्ली घेऊनच जा. मग सहज विचारलं, पूर्ण नाव काय? यांनी सांगितलं. बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, अगंबाई, खोली पुतण्याला द्यायचीय, विसरलेच होते मी. आणि यांनी, ताई, यांनी हात जोडले. म्हणाले, काही हरकत नाही, तुमचा वेळ घेतला.

मी यांच्या आधी खाली उतरले, रिक्षापाशी जाऊन उभी राहिले. हे आले, म्हणाले, "नळाला पाणीच नाही तिथे." मी म्हटलं, "बरं झालं, नको म्हणालात." अजून सांगितलं नाही यांना, की मी ऐकलं होतं. किती जपून झाकलंय त्यांनी माझ्यापासून! ते तसंच राहू दे त्यांचं, मी कशाला — ताई, तुम्ही दाराकडे काय बघताय?

अहो… कधी आलात तुम्ही?

असे उंबऱ्यात का उभे? बसा. राहू द्या बूट, तसेच बसा.

ताई, तुम्ही या आता. नाही, काही बोलू नका. या.