बिस्किटाएवढी चहाडखोर

…नाही, पण मी काय म्हणते, माणसाच्या न्हाणीघराला दार असावं की नसावं? सांगा ना! माझ्याकडे सध्या पडदा आहे. फुलाफुलांचा. वारा आला की तो उडतो, आणि मी आत तोंडाला साबण लावून, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पडदा… ह्या वयात! आणि हे कोणामुळे? चोर आले नाहीत, आग लागली नाही, भूकंप झाला नाही. एका वस्तूमुळे! आणि वस्तू केवढी? बिस्किटाएवढी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली.

माझा मुलगा राहतो दुसऱ्या शहरात. सकाळचा चहा इकडे घेऊन निघालं तर जेवायला तिकडे, एवढं अंतर. मी इथे दुसऱ्या मजल्यावर एकटी. एकटी म्हणजे काय, दिवसभर माझं दार उघडंच असतं, कोण येतं कोण जातं मलाही पत्ता नसतो. तर मागे मी ओट्यापाशी घसरले. पडले नाही हो! बसले. जरा जोरात बसले, एवढंच. झालं! मुलगा लगेच, "आई, आता पुरे. घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये." मी म्हटलं, अरे, बसले म्हणून कोणी घर सोडतं का? पण तो लहानपणापासून असाच, एकदा धरलं की सोडायचं नाही, दूध प्यायचा तेव्हा पेलासुद्धा चावायचा.

मग मध्ये पडली नात. त्याची मुलगी. कॉलेजात जाते आणि तिला नाद काय, तर ते इलेक्ट्रॉनिक बोर्ड! शिवणाच्या डब्यासारखा डबा, आत रंगीबेरंगी वायरी, आणि ती डाग द्यायची गरम कांडी. राळेचा वास आला आणि मला माझ्या लहानपणचा भांड्यांना डाग देणारा आठवला… त्याचा एक डोळा तिरका होता, तो आपल्याकडे बघतोय की भांड्याकडे, शेवटपर्यंत कळायचं नाही… असो. तर नात म्हणाली, "बाबा, मी आजीच्या घरात बोर्ड लावते, तुम्हाला तिथे बसून सगळं कळेल." आणि माझ्या तळहातावर एक हिरवा तुकडा ठेवला. म्हणे, "आजी, ह्याला मेंदू आहे."

"आणि तोंड?"

"तोंड नाही. वायफाय आहे."

घ्या! तोंड नाही आणि बोलतं! तेही तारेवाचून!

मुलगा म्हणाला, "ठीक आहे, लावा. पण आई, एकदा, फक्त एकदा जरी घोळ झाला ना, तर बॅग भरायची. कबूल?" मी म्हटलं, कबूल. मला काय माहीत, घोळ मी घालायची गरजच नव्हती, तो मेंदूसकट घरी आला होता!

आता ऐका हं. एक लावलं कुंडीत. सकाळी मी चहा गाळतेय तर फोन. "आजी, कोरडीठाक झालीय माती, पाणी घाल." मी कुंडीकडे बघतच राहिले. मेली चहाडखोर! एवढंसं रोप होतं तेव्हापासून मी वाढवलं, आणि तक्रार कुठे केली, तर परगावी! दोन पावलांवर मी उभी होते, मला सांगायला काय झालं होतं? आणि वस्तू केवढी? बिस्किटाएवढी!

मग दोन लावली दोन दारांना. एक बाहेरच्या, एक न्हाणीघराच्या. अगदी जुळ्या बहिणी. दारावर लोहचुंबकाचा तुकडा, चौकटीवर ते बिस्कीट, पोटात बॅटरी. दार लागलं की दोघांची भेट, उघडलं की ताटातूट, आणि भेटले-तुटले तरी प्रत्येक वेळी बातमी मुलाच्या फोनवर! नातीनं मला नियम शिकवला, "आजी, न्हाणीघराचं दार बंद म्हणजे तू आत आहेस असं आम्ही समजणार. तासभर उघडलं नाही तर बाबांच्या फोनवर भोंगा वाजणार. म्हणून बाहेर आलीस की दार सताड उघडं ठेवायचं." मी ठेवत होते हो! त्या दाराची आतली कडी मुळातच ढिली, जोरात आपटलं की आपोआप पडते. ती दुरुस्त करून घ्यायची राहूनच गेली होती. लक्षात ठेवा ही कडी.

तर दर आठवड्याला मी घर पुसून काढते. बिस्किटांवर धूळ बसलेली. मी दोन्ही दारांवरची अलगद उपटली, कोरड्या फडक्यानं पुसली, ओल्या नाही, तेवढी अक्कल आहे मला, फुंकर मारली, आणि परत चिकटवली. माझ्या घरात वस्तू जिथली तिथे लागते, डोळे मिटून मीठ मागा, मीठच हातात देईन!

मग मी गेले वर. वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे, पहिलटकरीण, पोराला पाण्यात धरायला घाबरते, म्हणून त्याला मी न्हाऊ घालते. जाताना बाहेरचं दार ओढून घेतलं. फोन ओट्यावर. पोराला न्हाऊ घातलं, आणि ते गुलाम माझ्याच मांडीवर झोपलं. झोपलेलं मूल कोण उठवतं? बसले तशीच. वर त्या मुलीला सगळ्या गोष्टी सांगत, त्या तिरक्या डोळ्याच्या माणसाचीसुद्धा.

आणि खाली उतरते तर काय! माझ्या दारात चपलांचा ढीग! म्हटलं, कोण गेलं? कोण गेलं माझ्या घरात, आणि मला न सांगता?

आत शिरले तर न्हाणीघरासमोर ही गर्दी, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. शेजारची मास्तरीणबाई, माझी जादा किल्ली तिच्याकडे असते, ती हातात फोन धरून, आणि फोनमधून माझा मुलगा ओरडतोय. आणि खालच्या मजल्यावरचा पहिलवान… नावाचा पहिलवान हो, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो… तो खांद्यानं दाराला धडका देतोय. "काकू! दारापासून लांब सरका!"

मी मागून विचारलं, "अहो, कोण अडकलंय?"

मास्तरीणबाई मागे न बघता म्हणाली, "गप्प बसा हो, काकू अडकल्यात! तास उलटून गेला, हूं का चूं नाही!"

अगं बाई गं! कोण ही बिचारी काकू? माझ्या न्हाणीघरात? तास झाला? आणि तुम्हाला सांगते, मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "काकू, घाबरू नका हो! आम्ही आहोत बाहेर!"

हसा! हसा! पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी होतं, देवाशपथ!

तिकडे फोनमधून मुलगा, "उघडलं! बाथरूम उघडलं म्हणून दाखवतंय! आई बाहेर आली का?" पहिलवान घामाघूम, "कुठे उघडलंय साहेब? घट्ट बंद आहे!" मुलगा, "आणि त्याच मिनिटाला बाहेरचं दार बंद झालं! सकाळपासून उघडं होतं! चोर पळाले वाटतं!" मास्तरीणबाई म्हणते, "अहो, बाहेरचं दार मीच किल्लीनं उघडलंय, ते अजून उघडंच आहे!" आणि तेवढ्यात धाडकन… दार बिजागरीसकट आत! पहिलवान दारावर, दार बादलीवर, बादली नळावर, आणि आत… कोणी नाही!

सगळे आत डोकावले. मीही डोकावले. मी म्हटलं, "अगं बाई, काकू गेल्या कुठे?"

तेव्हा सगळे वळले. आणि मास्तरीणबाईनं मला पाहून अशी किंकाळी फोडली, अशी फोडली, की वरचं बाळ उठलं! एवढ्या मेहनतीनं झोपवलेलं!

दुपारी मुलगा नातीला घेऊन हजर. चेहरा पांढराफटक. त्यानं आधी माझे दोन्ही दंड चाचपून बघितले, खरी आहे का म्हणून. मग पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, "बॅग भर, आई." मी बॅग काढली. कबूल केलं होतं ना.

नात चौकटीपाशी गेली, दोन्ही बिस्किटं पाहिली आणि मटकन बसली. "आजी… तू अदलाबदल केलीस. इथलं तिकडे, तिकडचं इथे." म्हणजे मी बाहेरचं दार ओढून वर गेले, तर तिथल्या बिस्किटानं सांगितलं न्हाणीघर बंद. मास्तरीणबाईनं बाहेरचं उघडलं, तर त्यानंच सांगितलं न्हाणीघर उघडलं. दार उघडल्यावर आत आलेल्या वाऱ्यानं न्हाणीघराचं दार आपटलं आणि ती कडी पडली, तर दुसऱ्या बिस्किटानं सांगितलं बाहेरचं बंद झालं! मी म्हटलं, मग मी काय करू? जुळ्यांना त्यांची आई ओळखते, मी काय त्यांची आई आहे?

"दोष कोणाचाही असो," मुलगा म्हणाला, "इथे तू एकटी असतेस. तिकडे आम्ही आहोत."

तेव्हा नात हळूच म्हणाली, "बाबा, असेच बोर्ड मी आधी आपल्याच घरी लावून बघितले होते. ते अजून तिथेच आहेत." मी म्हटलं, दाखव बाई. मला वाचता येत नाही, पण तिच्या फोनवर वाचायचं काही नव्हतंच. दार उघडलं की एक काडी. माझ्या घराच्या काड्या बघितल्या, तर कोथिंबिरीच्या जुडीसारख्या दाट! मग तिनं त्यांचं घर दाखवलं. सकाळी थोड्याशा काड्या. रात्री थोड्याशा. आणि मधे…

"मधे पुसलं गेलंय का गं?"

"नाही आजी. मधे कोणी नसतं."

माझ्या मुलाचं घर, आणि दिवसभर एक काडी नाही! मी त्याला म्हटलं, "अरे, तिथे येऊन मी बोलू कोणाशी? बिस्किटाशी?" त्यानं आपला फोन खिशात घातला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, आई, निदान संध्याकाळी घरात दिवा लागलेला असेल." एवढंच म्हणाला. एवढा मोठा झाला, तरी पेला चावतो तसाच चेहरा.

बॅग भरली नाही मी. पण अट माझी घातली. नातीला म्हटलं, मला असं एक कर, की ह्यानं घरी येऊन दार उघडलं की माझ्या ओट्यावर दिवा लागेल. तिनं तिथल्या तिथे बसून करून दिलं, कांडी गरम करून, राळेच्या वासात. आणि आता तुम्हाला सांगते, आधी तो माझ्यावर लक्ष ठेवायचा, तर निवांत होते मी! आता संध्याकाळ झाली की माझी नजर दिव्यावर. उशीर झाला की घास उतरत नाही, आणि लागला की फोन करते, "आलास? जेवलास?" तर तो म्हणतो, "आई, चप्पल तरी काढू दे!" त्याची शाळा झाली तेव्हा संपलं म्हटलं होतं मी हे वाट बघणं, ते पुन्हा पहिल्यापासून! आणि वस्तू केवढी? बिस्किटाएवढी!

आणि दार? सुताराला रोज विचारते. रोज म्हणतो, "निघालोय काकू, रस्त्यातच आहे." त्याच्याही दाराला एक लावून दे म्हटलंय नातीला, निघालाय की झोपलाय ते कळेल तरी. तोवर हे असं. कुंडीला तहान लागली तर परगावी कळतं, लेक घरी पोचला तर ओट्यावर उजेड पडतो, सगळं तारेवाचून… आणि मी न्हाणीघरात पडद्याचं टोक मुठीत धरून, जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की आपली तोंडानंच ओरडते… "आहे हो! मी आत आहे!"