बधिर बोटं

लसीकरणाच्या रांगेत माझ्या मागे एक जोडपं होतं. बाळ बाईच्या खांद्यावर होतं.

"अहो, धरा ना हिला. माझा हात अवघडलाय."

"नको, तूच धर."

"महिना झाला, एकदाही घेतलं नाहीत. मुलगी झाली म्हणून रुसलात का?"

"काहीतरीच काय! अगं, दिवसभर काँक्रीट फोडून बोटं बधिर झालीत. शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही. ही सटकली तर?"

"आधी बोलायचं ना! ते स्प्रिंगच्या मुठीचं नवं मशीन आलंय ना? हादरे कमी, आवाजही कमी, म्हणत होतात."

"ते हळू चालतं. काम मागे पडतं."

"पडू दे! उद्यापासून तेच घ्या. आणि आता बसा खाली. मांडी घाला. हात लावूच नका, मी ठेवते."

"हळू... अगं, हळू!"

"ठेवली."

"अगं... ऊब कळतेय हिची."