घोड्यांपुढे धावलेली देवी

परळच्या दवाखान्यात दमयंतीच्या शेजारी दोघी बोलत होत्या. गुणवंती आयरिश मडमेची आया होती. गिरणीतल्या जाईबाईच्या मांडीवर दहा दिवसांचं तान्हं होतं.

"मडमेच्या मुलखात माखा नावाची देवी होती. दिवस भरलेले, तरी राजानं तिला घोड्यांबरोबर शर्यतीत धावायला लावलं."

"बाळंत होईस्तोवर थांबला नाय मेला?"

"नाही. ती जिंकली आणि तिथंच तिला जुळं झालं. मग तिनं पुरुषांना शाप दिला, ऐन लढाईत तुम्हांला बाळंतकळा येतील."

"आल्या?"

"आल्या तर!"

"आणि ती गे? मग निजली काय जरा?"

"ते मडम बोलली नाही."

"विचार हां तिला. मुकादम मला उद्यापासून कामावर ये म्हणतोय."

दमयंतीनं हात पुढे केले. "आण ते पोर इकडं. नंबर येईपर्यंत पड जरा."