गुडघ्याखाली हात नाही

मी मूळचा तासगावकडचा, आता जर्मनीत हॅनोव्हरला राहतो, आणि तुम्ही विचारताय की ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल मी कुठं शिकलो, तर ताई, त्याची सुरुवात गावच्या कबड्डीत आहे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मंडळाचे उजवे कोपरारक्षक, त्यांच्यानंतर मी. कोपऱ्यावरच्या माणसाचं काम एकच बघा, चढाईवाल्यानं पाय पुढं टाकला की वाकून घोटा धरायचा, आणि धरला की जीव गेला तरी सोडायचा नाही. आबा म्हणायचे, हात डोक्याला विचारत बसला की गडी निसटतो. तसाच घडलो मी.

डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी लागली, मग कंपनीनं इकडं पाठवलं. युरोच्या नोटा नव्या होत्या तेव्हा, लोक अजून मार्कात हिशेब करायचे. पहिलं वर्ष काय सांगू तुम्हाला, बोलायला माणूस नव्हता. सुनीता, माझी बायको, बाळंतपणाला माहेरी. तेव्हा ग्रेग भेटला. ऑस्ट्रेलियाचा, आमच्याच डिपार्टमेंटचा. कँटीनमध्ये समोर येऊन बसला आणि म्हणाला, खांद्यांवरून तू काहीतरी खेळलेला दिसतोस. मी म्हटलं, कबड्डी. तर म्हणाला, शनिवारी ये, आम्हाला डिफेंडर पाहिजे. बास, तेवढ्यावर गेलो.

लांबट बॉल, हातापायांनी दोन्हींनी खेळायचा, आणि मैदान म्हणजे गावाबाहेरचं एक कुरण. आमचा फेराइन, म्हणजे क्लब, एवढासा. पगार कसला घेऊन बसलाय, ऑस्ट्रेलियात घेतात म्हणे, आम्ही वर्गणी भरायचो. मी फुलबॅक. समोरचा सगळ्यात उंच गडी माझ्या वाट्याला, त्याला चिकटून राहायचं आणि बॉल हवेत आला की मुठीनं उडवायचा, झेलायच्या भानगडीत पडायचं नाही. डिफेंडरला कोण टाळ्या वाजवतंय, गोल झाला की मात्र सगळे त्याच्याकडंच बघतात. पण आवडलं मला, लई आवडलं. एक नियम ग्रेगनं शंभरदा सांगितला, माणूस धरायचा तो खांदा ते गुडघा, गुडघ्याखाली हात नाही. मी म्हणायचो, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, कळलं. तीन सीझन पाळला बघा.

मग एका शनिवारी आपसातली मॅच. ग्रेग समोरच्या बाजूला. गवत ओलं. मला हूल देऊन डावीकडनं निघाला, मी पडलो, आणि डोळ्यांसमोर त्याचा पाय. पुढचं मला सांगता येत नाही. म्हणजे येतं, तेच तर दुखणं आहे. हात गेला, घोटा धरला, सोडला नाही. तो पुढं गेला आणि पाय माझ्यापाशी राहिला. गुडघ्यातला आवाज मी ऐकला. ओरडला नाही तो, माझ्याकडं बघत राहिला.

सगळे धावत आले, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, घसरला. इन्शुरन्सच्या फॉर्मवरही साक्षीदार म्हणून तेच लिहिलं. भ्यालो हो. मनाला सांगितलं व्हिसाचं, नोकरीचं, पोरगी लहान आहे, इथं कागदावर आलं की संपलं. पण आल्झो, म्हणजे असं बघा, खरं सांगू? ती सगळी निमित्तं. मला ग्रेग गमवायचा नव्हता. दुसरं कोण होतं मला?

त्याची दोन ऑपरेशनं झाली, खेळ कायमचा सुटला, हातात काठी आली. मी दर शनिवारी जायचो. बाजारहाट करायचो, पाण्याच्या बाटल्यांची खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवायचो, सुनीता थालीपिठं द्यायची. निघताना दारात थांबून तो विचारायचा, अजून काही, शशी? मी म्हणायचो, काही नाही. दर शनिवारी विचारायचा, आणि मी आपला जिना उतरायचो. तीन वर्षं.

शेवटी सुनीताच म्हणाली, अहो, एवढं कुणी कुणाचं करत नाही, काय केलंत तुम्ही? सांगितलं तिला. रडली, मग म्हणाली, हे मला नको, त्यांना सांगा.

गेलो. उभ्या उभ्याच बोललो, ग्रेग, तू घसरला नव्हतास, मी घोटा धरला होता. तो म्हणाला, माझ्याच पायाचं मला सांगतोस होय? त्याच दिवशी कळलं होतं. फॉर्मवर मीही ‘घसरलो’ असंच लिहून दिलं, तुझ्यामागं कटकट नको म्हणून. खेळात होतं असं, त्याचा राग नाही. पण मी प्रत्येक शनिवारी वाट बघितली रे, आज बोलशील, आज बोलशील. आता थकलो. आता येऊ नकोस.

 त्याच्या घराची किल्ली माझ्याकडं असायची, ती टेबलावर ठेवली आणि आलो.

वर्ष झालं याला. खेळ मी त्या मॅचनंतरच सोडला होता, नोकरीही त्यानं बदलली. पोरगी जर्मनमध्ये विचारते, ग्रेग अंकल का येत नाही? मी मराठीत सांगतो, माझी चूक झाली, म्हणून. तिला कळतं का नाही कोण जाणे.

परवा ट्राममधनं दिसला, रस्ता ओलांडत होता. हातात काठी नव्हती. थोडा लंगडत होता, पण चालत होता, आपला आपण. ट्राम सिग्नलला उभी होती, काच वाजवली असती तर त्यानं बघितलं असतं. नाही वाजवली. देव त्याला असाच हिंडता-फिरता ठेवो. माझ्याकडं कधी बघितलं नाही तरी चालेल.