शिंपले आणि साहेबाचे बूट

त्या बूटवाल्या साहेबाला मी चिखलात कसं उतरवलं, ते ऐका. करावे गावातलं आमचं गोड्या पाण्याचं तळं भरून प्लॉट पाडायचे ठरले होते. त्याआधी कॉलेजातला एक साहेब तळ्यातले शिंपले तपासायला आला. काठावरूनच दोनदा जाळी फिरवून म्हणाला, "एकही उरला नाही. तळं मेलंय, असं लिहितो."

मी म्हटलं, "शिंपला चिखलात ऱ्हातो, सायेब. तो पायाला लागतो. बूट काढ!"

काठावर बसलेल्या माझ्या जावेपाशी बूट ठेवून, वही डोक्यावर धरून तो उतरला. मी टाचेने चिखल चाचपला आणि शिंपल्यांनी ओटी भरली.

"आता लिव, तलं जितं हाय!"

"बाहेर येऊन लिहितो."

"इथंच लिव. मी सांगितल्याबिगर माजी जाऊ बूट देनार नाय."

साहेबाने पाण्यात उभ्यानेच लिहिलं.