बटणांच्या बरणीतल्या गोळ्या

व्यासपीठावरील माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो आहोत त्या आपल्या सगळ्यांच्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शिलाईवाली बाई. माप घ्यायला सांगा, डोळे मिटून घेईन; माइकसमोर उभं राहायची मात्र ही पहिलीच वेळ. पण सिस्टरांबद्दल सगळे गोड गोड बोलून गेले. प्रत्यक्षात काय घडलं, ते कुणी सांगायला नको का?

आमच्या पुढच्या खोलीत शिलाई, मागच्या खोलीत संसार. सासरे, म्हणजे अप्पा, अजून कापड बेततात. कात्री झकास चालते, पण चिमटीत पूर्वीचा जोर नाही. पाकिटातून औषधाची गोळी काही निघेना. मग त्यांनी काय करावं? पाकिटं कात्रीनं कापली, गोळ्या एकदम मोकळ्या केल्या आणि हाताशी असाव्यात म्हणून मशीनशेजारच्या बटणांच्या बरणीत टाकल्या. जन्म बटणांत गेलेल्या माणसाला बटण कुठलं नि गोळी कुठली ते कळतंच की. आमच्या चिमीला कळत नव्हतं.

तीन वर्षांची पोर. दुपारी बरणी मांडीत घेऊन काहीतरी चघळताना दिसली. तोंडात बोट घातलं, हाती काही लागलं नाही. बटण गिळलं म्हणून तिला उचलून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेबांनी नीट तपासलं. श्वास ठीक, पोरगी खेळतेय. म्हणाले, बटण आपोआप पडेल, घरी न्या, लक्ष ठेवा. साहेब, यात तुमचा काय दोष? आम्ही बटणच सांगितलं होतं. मी तिच्या पायात चपला घालायला लागले.

सिस्टर मात्र दाराकडे बघत होत्या. अप्पा उंबऱ्याबाहेर उभे, आत यायला तयार नाहीत, कपाळावर घाम.

"आजोबा, बरणीत नुसती बटणंच होती ना?"

अप्पा आणखी मागे सरकले. आमचे हे, जे आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेत, ते कडाडले, "अप्पा, आता तरी तोंड उघडा की." झालं. अप्पांनी तोंड आणखीच शिवून घेतलं.

सिस्टर आमच्या ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा. रागावलेल्या माणसाला ते काही सांगायचे नाहीत." मग अप्पांना बाकावर बसवलं, शेजारी बसल्या. "तुम्हाला कुणी बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं. कसली गोळी होती तेवढं सांगा."

"साखरेची," अप्पा म्हणाले आणि रडायलाच लागले. "पाकिटातून निघत नाहीत हो. पोराला कळलं असतं, तर हातातली कात्री काढून घेतली असती त्यानं."

रक्तातली साखर उतरवणारी गोळी, आणि ती हळूहळू भिनते. म्हणून पोर तोवर खेळत होती. सलाईन लावून मोठ्या इस्पितळात नेताना तिची मान माझ्या खांद्यावर पडली, अंग गार, घामानं चिंब. सिस्टर शेजारी बसून सारख्या तिला हाका मारत होत्या. घरी नेली असती, तर दमून झोपली म्हणून मीच तिच्यावर पांघरूण घातलं असतं.

पोर वाचली. नंतर सिस्टर स्वतः घरी आल्या. गोळ्या पाकिटातच ठेवायच्या, पाकिटं उंच कपाटात, कुलूप लावून, किल्ली माझ्याकडे, आणि अप्पांच्या हातावर वेळच्या वेळी मीच गोळी ठेवायची. पोरांना औषध म्हणजे खाऊ असं कधी सांगायचं नाही, हेही बजावलं.

दुसऱ्या दिवशी मी गोळी पुढे केली, तर अप्पांनी हात मागे घेतला. "मला नको ते विष. माझं काय व्हायचं ते होऊ दे." तेवढ्यात हे उठले, खुंटीवरची कात्री काढली आणि वडिलांच्या हातात दिली. म्हणाले, "गोळी घ्या अप्पा. गिऱ्हाईक कोटासाठी खोळंबलंय, आणि मला तुमच्यासारखा बेतता येत नाही."

अप्पांनी गोळी घेतली.

सिस्टर, एका दुपारी तुम्ही माझी पोर वाचवलीत आणि माझा सासराही. तुमचे उपकार मानायला माझे शब्द तोकडे आहेत. अध्यक्षांनी बोलू दिलं, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्या.